पेटी उघडण्यापूर्वी

३१ जानेवारी २०२० रोजी सायंकाळी मी माझ्या हुद्द्याचा रबरी शिक्का, एमडीएफच्या, म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळ्या लाइन जेथे एकत्र येतात त्या खोलीची किल्ली आणि ओळखपत्र कार्यालयात जमा केले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने साडेनऊ वाजता डबा मागितला. पत्नी काही बोलली नाही; तिने भाजी ताटात वाढली. बीएसएनएलच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली त्या एकाच दिवशी देशभरातील ७८ हजारांहून अधिक कर्मचारी सेवेतून बाहेर पडले. त्यांतील कित्येकांच्या घरी त्या सकाळी असेच काहीतरी घडले असेल.

योजनेचा अर्ज भरण्यासाठी ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर २०१९ असा महिनाभराचा अवधी होता. वयाची पन्नाशी पूर्ण झालेल्यांना तो भरता येत होता, आणि झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षामागे ३५ दिवसांचा, तर उरलेल्या प्रत्येक वर्षामागे २५ दिवसांचा पगार सानुग्रह रक्कम म्हणून मिळणार होता. माझी एकोणतीस वर्षे झाली होती आणि सात-साडेसात उरली होती. त्या महिन्यात आमच्या एक्स्चेंजमधील चहाच्या टेबलावर कॅल्क्युलेटरखेरीज दुसरा विषय नव्हता. हिशोब सोपा होता आणि मला वाटते, सोपा होता म्हणूनच फसवा होता. हाती किती येईल हे तो रुपया-पैशांत सांगत होता, पण सकाळी दहा वाजता आपण कोठे असू, याचा रकाना त्यात नव्हता.

येथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण काम बदलल्याच्या कहाण्यांत ती बहुधा तळटीपेतही येत नाही. मला निवृत्तिवेतन आहे. मुलीचे शिक्षण त्यापूर्वी पूर्ण झाले होते, घराचे हप्ते फिटले होते. पुढे मी जे काही केले ते या आधारावर उभे राहून केले, त्यामुळे ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे आणि पदरात लहान मुले आहेत अशा माणसाला कोणी माझे उदाहरण देऊन ‘नोकरी सोड, मन लाव, सगळे जमते’ असे सांगू नये.

बावन्नाव्या वर्षी बाहेर पडलेल्या तंत्रज्ञाने काय करावे, याची तयार उत्तरे भोवती पुष्कळ होती. एका सहकाऱ्याने तासगावकडे द्राक्षबागेत लक्ष घातले, दुसऱ्याने झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान टाकले, दोघे-तिघे फायबरच्या जोडण्या करून देण्याच्या कंत्राटात शिरले. मी एका जुन्या सहकाऱ्याबरोबर सीसीटीव्ही बसवण्याचा व्यवसाय सुरू केला. आम्ही साहित्य उधारीवर न घेता रोखीने आणले, आणि दोन महिने होतात न होतात तोच मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली. टाळेबंदीवर सगळे ढकलणे सोयीचे आहे, पण खरे कारण ते नव्हते. निर्बंध सैल झाल्यावर कामे मिळाली आणि ती आम्ही चोख केली. पैसे मात्र मागता आले नाहीत. एका सोसायटीत सोळा कॅमेरे बसवले आणि अध्यक्षांनी ‘पुढच्या मीटिंगमध्ये बघू’ म्हटले की आम्ही दोघेही ‘काही घाई नाही’ असे म्हणून जिना उतरत असू. नोव्हेंबरात हिशोब केला तेव्हा माझ्या वाट्याला एक लाख चाळीस हजारांचा तोटा आला होता. तो हुनरातला तोटा नव्हता, तोंडातला होता. पण हे समजायला मला आणखी दोन वर्षे लागली.

पेटी माझ्याकडे आली ती या तोट्याच्या सुमारास. आमच्या गल्लीतील भजनी मंडळाची बाजाची पेटी टाळेबंदीत देवळाच्या माडीवर पडून राहिली होती आणि उंदरांनी तिच्या भात्याची घडी कुरतडली होती. मंडळातील एकाने ती ‘तुम्ही टेलिफोनवाले, तुम्हाला काही उघडता येईल’ या तर्काने माझ्या ओट्यावर आणून ठेवली. मला पेटी वाजवता येत नव्हती, आजही दोन भजनांपलीकडे येत नाही. पण मी ती उघडली, आणि आतील रचना पाहून थक्क झालो. खाली हवेचा साठा, वर एका पाटीवर ओळीने बसवलेले पितळी सूर, प्रत्येक सुराच्या तोंडावर चामडे लावलेले झाकण, झाकणाला तारेची स्प्रिंग आणि तिच्या दुसऱ्या टोकाला बोटाखालची पट्टी. प्रत्येक पट्टीला तिची स्वतःची वाट होती. मला ते एखादे छोटे एक्स्चेंजच वाटले.

भाता मी चिकटवला आणि तो पंधरा दिवसांत पुन्हा सुटला, कारण मी बाजारातील पांढरा गोंद वापरला होता. मग कोणीतरी मिरजेचा पत्ता दिला.

मिरजेत सतारमेकरांची वस्ती आहे हे मला माहीत होते. त्या भागातील टेलिफोनच्या तारा मी स्वतः ओढल्या होत्या. माहीत नव्हते ते हे, की ही मंडळी मूळची शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार आणि झिलई करणारी. एकोणिसाव्या शतकात तलवारींचे दिवस सरले, हातातील काम सुटले, आणि फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी मिरजेत सतारी-तंबोरे दुरुस्त करता करता ते घडवण्यास सुरुवात केली. मंगळवेढ्याकडील भोपळे आणि कर्नाटकाच्या जंगलातील लाकूड यांपासून तयार होणाऱ्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या बातमीत ‘परंपरागत व्यवसाय’ असे शब्द होते. ते वाचून मला थोडे हसू आले, कारण ही परंपरा मुळात व्यवसाय गेलेल्या माणसांनी सुरू केलेली होती.

मला शिकवणारा मात्र सतारीचा कारागीर नव्हता. त्याच परिसरात पेटी दुरुस्त करणारा, तेव्हा चौतीस वर्षांचा असलेला एक तरुण होता. वडिलांच्या पश्चात तो एकटाच दुकान सांभाळत होता. मी शिकायला येऊ का, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘साहेब, तुम्ही बसा, बघा, पण मला लाजवू नका.’ पहिले तीन महिने तो मला साहेब म्हणत होता आणि ते मला आवडत होते, हे कबूल केले पाहिजे. साहेबाला कोणी चिकटवण्याचा सरस ढवळायला सांगत नाही, साहेबाने लावलेले चामडे वाकडे असले तरी कोणी ते उचकटून परत लावायला लावत नाही. तो रात्री मी गेल्यावर ते स्वतः नीट करत असे. हे एकदा मी विसरलेला चष्मा घ्यायला परत गेलो तेव्हा डोळ्यांनी पाहिले. दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितले की मला काका म्हण आणि चुकले तर माझ्यासमोर उचकट. त्याने दोन्ही केले, आणि माझे शिक्षण त्या दिवशी सुरू झाले.

नोकरीत असतानाही मी पुष्कळ शिकलो होतो. कागदाच्या वेष्टणातील केबल जाऊन जेली भरलेली केबल आली, छोट्या गावांत सी-डॉटची, म्हणजे देशी बनावटीची एक्स्चेंजे आली, मग ब्रॉडबँड आले, फायबर आले. हुद्दा तोच राहिला आणि त्याच्या खालचे तंत्र तीन-चार वेळा बदलून गेले. पण प्रत्येक वेळी खात्याने मला प्रशिक्षणाला पाठवले, प्रवासभत्ता दिला आणि महिनाअखेर पगार दिला. शिकण्याचा खर्च कोणाकडे तरी असतो, हे तेव्हा मला दिसतच नव्हते. मिरजेत तो माझ्याकडे आला. वडापचे, म्हणजे शेअर जीपचे भाडे माझे, वाया गेलेले चामडे माझे, घासून मेलेले सूरही माझे.

सूर मरतो कसा, ते थोडे सांगतो. पेटीतील सूर म्हणजे पितळेच्या लहान चौकटीत एका टोकाला रिव्हेटने पक्की केलेली पितळेचीच पातळ जीभ. हवा सुटली की ती थरथरते. मोकळ्या टोकाकडे ती किंचित खरवडली तर टोक हलके होते आणि सूर चढतो. मुळाकडे, रिव्हेटजवळ खरवडली तर ती लवचीक होते आणि सूर उतरतो. खरवडायचे म्हणजे तरी किती, तर दोनदा हलक्या हाताने पाते फिरवायचे, सूर पाटीवर बसवायचा, पाटी पेटीत ठेवायची, भाता मारून ऐकायचे आणि पुन्हा काढायचा. कारण बाहेर तोंडाने फुंकून ऐकलेला सूर आणि पेटीतील हवेच्या दाबाखाली बोलणारा सूर एकच नसतो. एका सुरामागे असे सात-आठ हेलपाटे होतात. घाई केली की दोन्ही टोकांना खरवडून जीभ इतकी पातळ होते की ती एके दिवशी भजनाच्या ऐन रंगात तुटते. चांगल्या सुरांसाठी गुजरातेतील पालिताण्याचे नाव घेतले जाते, आणि जुन्या पेट्यांत कधी कधी जर्मन सूर सापडतात. असा एक जर्मन सूर मी मारला आहे आणि तो पुढे दीड महिना माझ्या टेबलावर ठेवला होता.

माझ्या बाबतीत आणखी एक विचित्र गोष्ट होत असे. सूर मोजणारे यंत्र न लावता केवळ कानाने मिळवायला सांगितले की माझी पांढरी पाच, म्हणजे सप्तकातील पाचवी पांढरी पट्टी, नेहमी जराशी चढी लागायची. बाकीच्या पट्ट्या कधी वर, कधी खाली असत. ही मात्र हमखास वर आणि दर वेळी तेवढीच. शिकवणारा चक्रावला. एका रात्री झोपण्यापूर्वी मला उलगडा झाला. आपल्याकडील टेलिफोनची डायलटोन ४०० हर्ट्‌झची, २५ हर्ट्‌झने थरथरणारी असते, आणि पांढरी पाच ३९२ हर्ट्‌झच्या आसपास. एकोणतीस वर्षे दिवसातून शेकडो वेळा मी टेस्टिंगचा हँडसेट कानाला लावून तो एकच सूर ऐकला होता, आणि जवळपासचा कोणताही सूर माझा कान त्याच्याकडे ओढत होता.

अर्थात जुन्या कामातले नडलेच तेवढे, असे नाही. दोष शोधण्याची पद्धत मी तेथून आणली. १९८ या तक्रारीच्या क्रमांकावर फोन आला की आम्ही आधी एमडीएफवर लाइन तपासत असू. एक्स्चेंजच्या बाजूला बिघाड नाही हे ठरले की रस्त्यावरचा पिलर, मग घरांजवळची जोडण्यांची पेटी म्हणजे डीपी, मग ग्राहकाचे घर. वाट मधोमध तोडायची आणि दोष कोणत्या अर्ध्या भागात आहे ते पाहायचे. पेटीची हवा गळत असली की बहुतेक जण थेट भात्यावर संशय घेतात. मी एकही पट्टी न दाबता आतील साठा भरतो आणि तो किती वेळात रिकामा होतो ते घड्याळावर पाहतो, मग सुरांची पाटी काढून जागा बंद करतो आणि तेच पुन्हा करतो. गळती थांबली तर ती वर झाकणांच्या चामड्यात आहे, थांबली नाही तर खाली. माझ्या शिक्षकाने ही रीत माझ्याकडून उचलली. त्या दिवशी मी घरी येताना पाव किलो जिलेबी आणली.

जुन्या नोकरीतून आलेली एक सवय मात्र सोडावी लागली. आमच्याकडे तक्रार ‘बंद’ करण्याला फार महत्त्व असे. संध्याकाळपर्यंत किती तक्रारी बंद झाल्या तो आकडा वर जाई. पेटी अशी बंद होत नाही. आज मिळवलेले सूर उद्या सकाळी हललेले असतात, नवे चामडे दोन आठवड्यांनी बसते आणि पट्ट्यांची उंची पुन्हा पाहावी लागते. गिऱ्हाईक ‘झाली का?’ असे विचारते तेव्हा ‘वाजते आहे, पण झालेली नाही’ असे सांगणे मला पहिली दोन वर्षे फार जड गेले.

२०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेला पुन्हा पूर आला. २०१९ चा महापूर मी एक्स्चेंजमध्ये राहून पाहिला होता. तेव्हा बॅटऱ्या आणि केबलच्या जोडांची काळजी होती. या वेळी ओसरत्या पाण्याबरोबर पेट्या आल्या. जुन्या पेट्यांचे लाकूड सरसाने जोडलेले असते, आणि सरस पाण्यात विरघळतो, त्यामुळे कित्येक पेट्या पोत्यात घालून, फळ्या-फळ्या सुट्ट्या झालेल्या अवस्थेत आल्या. पितळी सूर बहुतेक वाचले होते. स्प्रिंगा आणि स्क्रू गंजले होते, चामडे कुजले होते. शिकवणाऱ्याला एकट्याने ते उरकणे शक्य नव्हते. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत आम्ही दोघांनी सत्तावीस पेट्या पुन्हा उभ्या केल्या. एरवी जे शिकायला पाच वर्षे लागली असती ते मी त्या तीन-चार महिन्यांत शिकलो, आणि दुसऱ्याच्या नुकसानीवर आपला हात तयार झाला, ही खंत त्याबरोबर राहिली.

पुढच्या वर्षी मी घरच्या पुढच्या खोलीत स्वतंत्र काम सुरू केले, आणि पुन्हा त्याच जिन्यावर येऊन उभा राहिलो, ज्यावरून सोसायटीचे पैसे न मागता उतरलो होतो. पहिली पेटी शेजारच्या गावातील मंडळाची होती. चार दिवस काम, ६४० रुपयांचे साहित्य. त्यांनी ‘किती द्यायचे?’ असे विचारले आणि मी म्हणालो, ‘द्या तुम्हाला काय द्यायचे ते.’ त्यांनी मला नारळ, टॉवेल आणि १०१ रुपये दिले. त्यांच्या दृष्टीने तो सन्मान होता आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. मी कामाचा दर सांगितला नाही, तेव्हा त्यांनी माणसाचा मान केला.

पगार घेणाऱ्या माणसाला आपल्या कामाची किंमत स्वतःच्या तोंडाने कधीच सांगावी लागत नाही, याचा अर्थ मला तेव्हा कळला. ती किंमत वेतनश्रेणी सांगते, युनियन सांगते, वेतन आयोग सांगतो. आपण फक्त सही करतो आणि वर ‘पैशासाठी काम करत नाही’ असे म्हणायला मोकळे असतो. माझ्या घरात तर पैसे मागणे हे कमीपणाचेच मानले जात होते. पत्नीने यावर उपदेश केला नाही. तिने एक दोनशे पानी वही आणली आणि मी पेटीशी बसलो की वेळ लिहायला सुरुवात केली. महिनाअखेरीस वही माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, ‘अहो, तासाला सव्वीस रुपये पडतात. आपल्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींना तुम्ही सांगाल का हा दर?’

मिरजेला जाऊन मी विचारले तेव्हा शिक्षकाने मला दर सांगितले नाहीत, वेळ सांगितली. ‘काका, पेटी उघडायच्या आधी आकडा सांगायचा,’ तो म्हणाला. ‘एकदा उघडली की तुमचा जीव तिच्यात अडकतो, आणि समोरच्याला ते दिसतं.’ त्याचे वडील गिऱ्हाइकाने पेटी खाली ठेवताच वरूनच भाता मारत, दोन पट्ट्या दाबत आणि आकडा बोलत. आत आणखी काही निघाले तर फोन करून विचारत, पण न सांगता वाढवत नसत. मी घरी येऊन एका पुठ्ठ्यावर दर लिहिले: सूर मिळवणे, भात्याचे चामडे, पट्ट्यांखालील बनात म्हणजे लोकरी कापड, स्प्रिंगा. पुठ्ठा भिंतीवर लावला. पहिले दोन महिने मी गिऱ्हाइकाकडे न पाहता त्या पुठ्ठ्याकडे पाहूनच बोलत होतो. काही जण परत गेले. त्यातले एक गृहस्थ ‘निवृत्त माणसाला कशाला हवेत एवढे पैसे’ असे म्हणून गेले, आणि त्यांना काय उत्तर द्यावे हे मला अजूनही सुचलेले नाही. आता महिन्याला पाच-सहा पेट्या होतात, आषाढीपूर्वी आणि श्रावणात जास्त. वहीतला दर मावशींच्या दराच्या पुढे गेला आहे, फार नाही.

गेल्या महिन्यात आटपाडीकडच्या एका भजनी मंडळाचे खजिनदार पेटी घेऊन आले. मी भाता मारला, दोन पट्ट्या दाबल्या आणि म्हणालो, ‘तीन हजार दोनशे.’ ते गप्प राहिले. पूर्वी अशा शांततेत मी स्वतःच दोनशे-चारशे उतरवून टाकत असे. या वेळी मी खिडकीतून रस्त्याकडे पाहत राहिलो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, ‘पावती मिळेल ना? मंडळाच्या हिशोबाला लागते.’

अकराव्या दिवशी ते पेटी न्यायला आले तेव्हा मी पावती लिहिली, सही केली आणि माझा उजवा हात आपोआप टेबलाच्या कोपऱ्याकडे गेला, जेथे एकोणतीस वर्षे शाईचे पॅड आणि शिक्का असे. तेथे सरसाची वाटी होती.

‘शिक्का नाही का?’ खजिनदारांनी विचारले.

‘अजून केलेला नाही,’ मी म्हणालो.

त्यांनी सही वाळेपर्यंत पावतीवर फुंकर घातली, घडी करून ती सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली, आणि पेटी उचलण्यापूर्वी वाकून भाता मोकळा करून पांढरी पाच दाबली. ती डायलटोनच्या किंचित खाली, बरोबर तिच्या जागी बोलली.